मुलांच्या हाती कॅमेरा देताय? या चुका टाळा

वंचित मुलामुलींसोबत फिल्म प्रकल्प करणारे बहुतेक जण मनापासून राबतात. स्क्रीनिंगला टाळ्याही पडतात. तरी मुलं होती तिथेच राहतात, कारण बहुतेक निर्णय त्यांनी घेतलेलेच नसतात.

सगळ्यात मोठी गळती एडिटिंगला होते. वेळ संपत आलेली असते, मुलांचा हात सॉफ्टवेअरवर बसलेला नसतो. मग प्रशिक्षक फुटेज घरी नेतो आणि रात्री जागून फिल्म बसवतो. फिल्म चकाचक होते, पण त्याची होते. काय ठेवायचं आणि कशावर कात्री चालवायची, हेच मुलांकडून काढून घेतलं तर त्यांनी फक्त कच्चा माल पुरवला. त्यापेक्षा फिल्म तीन मिनिटांचीच ठेवा आणि निम्मा वेळ एडिटिंगला राखून ठेवा. सॉफ्टवेअर जमत नसेल तर प्रत्येक शॉटची एक चिठ्ठी करा आणि जमिनीवर मांडून क्रम लावायला सांगा. दोघं एका चिठ्ठीवरून भांडतात, तिसरी म्हणते, ‘हा शॉटच कशाला हवा?’ या भांडणाला भरपूर वेळ द्या. त्यानंतर माउस तुम्ही हलवलात तरी बिघडत नाही.

दुसरी चूक जरा नाजूक आहे. ‘तुझी कहाणी सांग’ म्हटलं की मारहाण, व्यसन, उपासमार बाहेर येते. देणगीदारांना डोळ्यांत पाणी आणणारी फिल्म हवी असते. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण मुलांना बरोबर कळतं आणि ती तेच पुरवतात. विषय त्यांना निवडू द्या. भुताची फिल्म निघाली तर निघू दे! स्वतःबद्दल जे बोलवत नाही, ते पात्राच्या तोंडी सहज घालता येतं.

संमतीचा कागद एकदा सही करून फाइलला लावला, की काम झालं असं समजू नका. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागतेच, पण मुलाचा स्वतःचा होकारही हवा. आणि तो शूटआधी, रफ कट (फिल्मची पहिली कच्ची जोडणी) पाहिल्यावर आणि इंटरनेटवर टाकण्याआधी, असा तीनदा विचारायचा. एकदा डाउनलोड झालेली फिल्म परत बोलावता येत नाही. चेहरा धूसर केला तरी आवाजावरून, गणवेशावरून, घराच्या भिंतीवरूनही ओळख पटते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 1967 मध्ये फोगो बेटावरच्या लोकांसोबत फिल्म केल्या, तेव्हा तिथल्या वस्त्या सरकारने दुसरीकडे हलवण्याची चर्चा चालू होती. तरीही चित्रण आधी बेटावरच्या लोकांना दाखवलं गेलं, सरकारपुढे नंतर. हा क्रम आजही उलटा करू नये.

कामवाटपात धीट मुलगा कॅमेरा पटकावतो आणि अबोल मुलीच्या हाती क्लॅप (सीनचा नंबर दाखवणारी पाटी) येतो. दर सीनला कामं फिरवा. आवाजाचं काम दुय्यम मानू नका: हेडफोन लावलेल्याला आवाज बिघडला की ‘कट’ म्हणायचा अधिकार द्या, आणि तो वापरला की सगळ्यांनी खरंच थांबायचं.

कुणी मधेच येईनासं झालं तर बेशिस्त म्हणून मोकळे होऊ नका. घरचं काम, रोजंदारी, धाकटं भावंड, काहीही असू शकतं. म्हणूनच एका दिवसात पुरा होईल असा सीन घ्या. सलग आठ दिवस एकाच नायकावर अवलंबून राहणारी पटकथा नको.

तांत्रिक बाबतीत पंखा बंद करा आणि माइक बोलणाऱ्याच्या जवळ न्या. प्रेक्षक अंधुक चित्र चालवून घेतात, पुटपुट नाही. चित्राचा दर्जा 4के नको, 1080पी पुरे. लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज जुळेनासे झाले तर फोनचा बदलता फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपली जातात ते) तपासा. क्लिप आधी स्थिर 25 किंवा 30 फ्रेममध्ये बदलून घेतली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. फुटेजच्या त्याच दिवशी दोन प्रती करा. गाजलेलं गाणं टाकाल तर कॉपीराइटचा दावा येईल, त्यापेक्षा ताल मुलांनाच वाजवू द्या.

श्रेयनामावलीत नाव कसं हवं, किंवा नकोच, हे प्रत्येकाला विचारा. फिल्मची फाइल संस्थेच्या कपाटात ठेवू नका, प्रत्येक मुलाच्या हाती द्या.