स्क्वॉट आणि यवतेश्वरचा घाट: दोन्ही कसं जमलं

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव सुरू केला आणि माझा स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायची बैठक) ८० किलोवरून ७० वर आला. मांड्या कायम भरलेल्या. चूक वेळापत्रकात होती: शनिवारी संध्याकाळी पायांचा व्यायाम, रविवारी पहाटे १८ किलोमीटर.

आता मंगळवारी सकाळी वेगाचं धावणं आणि त्याच संध्याकाळी स्क्वॉट. मध्ये आठ-नऊ तास. बुधवारी पूर्ण आराम. जड ते सगळं एकाच दिवशी उरकलं की पायांना खरोखरची सुट्टी मिळते, मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. शुक्रवारी फक्त तीन हलके सेट.

संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात ताकदीचे आणि दमाचे असे दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची ताकद आधी वाढून शेवटच्या आठवड्यांत घटली होती; पण ते आठवड्यातले पाच-सहा दिवस दोन्ही करत होते. म्हणून मी धावणं चार दिवसांवर आणलं.

खाणंही कमी पडत होतं. माझ्या ६८ किलो वजनाला आता रोज साधारण ११० ग्रॅम प्रथिनं घेतो: अंडी, मटकीची उसळ, दही, चिकन. लांब पल्ल्याआधी दोन केळी खातोच. चार महिन्यांत स्क्वॉट ९० वर गेला, आणि घाटातल्या शेवटच्या चढावर आता चालावं लागत नाही.