फोनचा रिमोट चालत नसेल तर आधी हे बघा

वाय-फायला न जोडलेला टीव्ही किंवा एसी फोनवरून चालवायचा तर फोनच्या, बहुधा वरच्या कडेला, इन्फ्रारेडचा (रिमोटमधल्या अदृश्य प्रकाशाचा) बारीक काळा ठिपका लागतो. तो नसेल तर अ‍ॅपवर अ‍ॅप टाकून उपयोग नाही. ठिपका असेल तर तो दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट लुकलुक दिसली म्हणजे फोन ठीक, बहुधा कोड (त्या मॉडेलला समजणारा संकेत) चुकलाय. अ‍ॅपमध्ये त्याच कंपनीचा पुढचा कोड निवडा. एसीचा रिमोट प्रत्येक दाबीला तापमान, पंखा, मोड असं सगळंच पाठवतो. त्यामुळे घरात कुणी मूळ रिमोट वापरला की फोनवरचे आकडे खोटे ठरतात. दोन्ही रिमोट आलटूनपालटून वापरूच नका.

बोलून टाइप करताना ‘कर्वे रस्ता’चं भलतंच काही उमटतं, कारण बहुतेकदा कीबोर्ड इंग्रजीवर असतो. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये ‘भाषा’त मराठी जोडा, माइक दाबण्याआधी पृथ्वीच्या चिन्हाने मराठी कीबोर्ड आणा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत फोन तोंडापासून वीतभरच धरा. माइकचं भोक बहुधा चार्जिंगच्या खाचेशेजारी असतं. कव्हरने किंवा बोटाने ते झाकलं जातंय का, तेही बघा. त्यात पिन मात्र घालू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका.