नळीनं दूध देताय? तेल सिरिंजलाच तर नाही ना चिकटून राहिलं?

कमी दिवसांचं बाळ आहे, काढलेलं दूध नाका-तोंडातून पोटात घातलेल्या नळीनं देऊन राहिले, वजनासाठी डॉक्टरांनी त्यात एमसीटी (लवकर पचणारं खास तेल) नाहीतर खोबरेल तेल टाकायला सांगितलं, दूध चार्टप्रमाणे पूर्ण जातंय तरी वजन काही हलत नाही, असं असेल तर आधी रिकामी सिरिंज उजेडात धरून बघा. आतून तेलकट दिसली म्हणजे बाळाचा वाटा तिथंच राहिला. आईच्या दुधातल्या जवळपास अर्ध्या कॅलरीज फॅटच्याच असतात, वरून टाकलेलं तेल तर दुधात नीट मिसळतही नाही, तरंगतं अन् प्लास्टिकला धरतं.

म्हणून दिवसभराच्या दुधात तेल एकदम टाकून ठेवू नका. ज्या फीडचं तेल त्याच वेळी छोट्या सिरिंजनं मोजायचं, थोड्या दुधात हलकेच फिरवून ते आधी सोडायचं आणि बाकीचं साधं दूध त्याच सिरिंजमधून मागून द्यायचं, म्हणजे नळी दुधानंच धुतली जाते. पाण्यानं धुवायचं का आणि किती, हे सिस्टरलाच विचारा, इतक्या लहान बाळाचं पाणीसुद्धा मोजूनच असतं. वाटीतून बाटलीत, बाटलीतून सिरिंजमध्ये असं दूध फिरवत बसू नका, प्रत्येक भांडं आपला हिस्सा ठेवून घेतं बाप्पा.

आता नागपूरची थंडी. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, डिसेंबर-जानेवारीत तर बाटलीत दगडच होतो, अन् ते वितळवून फ्रीजमधल्या गार दुधात टाकलं की कण होऊन बारीक नळी चोंदते. दूध आधी कोमट पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह अजिबात नाही.

मेडिकल, मेयो, डागा, नागपूरच्या कोणत्याही दवाखान्यात बाळ असो, पंपानं तासन् तास दूध चालू असेल तर फॅट जास्त वाया जातं, कारण तितक्या वेळात ते वर येऊन बसतं. तेव्हा सिस्टरना विचारा, सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला तिरकं ठेवता येईल का आणि मधली नळी आखूड लावता येईल का, म्हणजे वर आलेलं फॅट आधी जाईल. पंपाऐवजी सिरिंज उंच धरून थोडं थोडं दूध सोडणं बाळाला झेपत असेल तर ते बरं, पण ते डॉक्टर ठरवतील.

नळी जागेवर आहे का हे प्रत्येक फीडआधी तपासायचंच. बाळ खोकलं, निळं पडलं की दूध लगेच बंद करून सिस्टरला हाक मारा. अन् एवढं करूनही दोन-तीन दिवसांत वजन नाही सरकलं, तर तेलाचं माप स्वतःच्या मनानं वाढवू नका, जास्त झालं की पातळ शी सुरू होते, वजनाचा चार्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.