पावसाळ्यातील गिटार: ट्रस रॉडला हात लावण्यापूर्वी

जून सरता सरता घराचे दार फुगून चौकटीत अडकू लागते आणि त्याच सुमारास गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटे दाबण्याच्या पट्टीपासून, वर गेल्यासारख्या वाटून बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून धरायचा सूरसमूह) धरताना बोटे दुखू लागतात. दोन्हींचे कारण एकच आहे. लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते आणि फुगते. दारावर सुताराने रंधा मारला की ते लागलीच सुरळीत मिटते, मात्र हिवाळ्यात त्याच दाराला फट दिसू लागते. गिटारच्या बाबतीत असा रंधा बराच महागात पडतो. म्हणून ऋतूनुसार गिटारची मान, म्हणजे वादकांच्या बोलीतील नेक, कशी जुळवून घ्यावी आणि मुळात ती जुळवण्याची गरज आहे की नाही हे कसे ओळखावे, याची रीत येथे दिली आहे.

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही. मग मान वाकते कशी? तिच्यात सहसा दोन लाकडे एकमेकांना चिकटवलेली असतात. मागचा भाग महोगनी किंवा मेपलचा असून त्यावर लाखेचा किंवा पॉलिशचा थर असतो, तर पुढची फ्रेटबोर्डची पट्टी शिसवीची किंवा आबनुसाची असून बहुधा उघडीच असते. उघडी बाजू बाष्प लवकर घेते आणि लवकर सोडते. दोन बाजूंच्या लांबीत केसाएवढा फरक पडला तरी चिकटवलेली जोडी वाकते; इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधील दोन धातूंची पट्टी तापल्यावर वाकते, तसाच हा प्रकार आहे. या हिशेबाने दमट हवेत मान मागे झुकायला हवी आणि कोरड्या हवेत तारांच्या ओढीने पुढे यायला हवी. प्रत्यक्षात त्या विशिष्ट तुकड्याचे तंतू, त्यावरील थर आणि तारांचा ताण यांवर सारे अवलंबून असते, आणि एकाच खोलीतील दोन गिटारी परस्परविरुद्ध दिशांना गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे ‘पावसाळ्यात ट्रस रॉड (मानेच्या आत बसवलेला, तिचा बाक बदलणारा धातूचा दांडा) अमुक बाजूला फिरवावा’ असा सरसकट सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

अकौस्टिक गिटारमध्ये आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते पावसाळ्यातील बहुतेक तक्रारींचे मूळ तिच्यातच असते. वरची स्प्रूसची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. ती आडवी फुगली की कडांना जागा नसल्यामुळे मध्यभागी वर येते आणि आपल्याबरोबर ब्रिजलाही, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीलाही, उचलते. मान पूर्ण सरळ असली तरी अशा वेळी तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, वाढते. हा दोष ट्रस रॉडने दूर होणार नाही, कारण रॉडचे काम मानेचा बाक बदलणे एवढेच आहे. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ज्या समायोज्य रॉडचे पेटंट मिळाले, त्याचाही हेतू तारांच्या ओढीला तोलून मान सरळ ठेवणे हाच होता.

सर्वप्रथम हवा मोजावी. डिजिटल आर्द्रतामापक फार महाग मिळत नाही, मात्र त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच थेंबभर पाणी घालावे, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवावेत आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. मिठाच्या अशा ओल्या लगद्यावरील बंदिस्त हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७० दाखवले तर तो ५ टक्के कमी दाखवतो हे लिहून ठेवावे. पावसाळ्यात डब्यातील मिठाला पाणी सुटू लागते ती मर्यादाही याच्याच आसपासची असते, तेव्हा स्वयंपाकघरातही एक ढोबळ मापक असतोच. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०च्या वर राहते, तर विदर्भात मे महिन्याच्या दुपारी २०-२५पर्यंत उतरते. रत्नागिरीत जुळवलेली गिटार नागपूरला नेली, किंवा हिवाळ्यात अमेरिकेतील तापवलेल्या घरात नेली, तर तिच्यात बदल होणारच.

आता मानेचे मोजमाप. तारा नेहमीच्या सुरात लावलेल्या असाव्यात आणि गिटार वाजवताना धरतो तशीच मांडीवर उभी असावी. पाठीवर आडवी ठेवली तर मानेच्या स्वतःच्या वजनाने आकडा बदलतो. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा आणि सर्वांत जाड तार मान जेथे शरीराला मिळते त्या फ्रेटवर, म्हणजे बहुतेक अकौस्टिक गिटारींत चौदाव्या फ्रेटवर, उजव्या हाताने दाबावी. दोन फ्रेटांमध्ये ताणलेली ही तार आपली पट्टी झाली. सातव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खालच्या कडेत जी फट दिसते तिला रिलीफ म्हणतात. ती मोजण्यासाठी दुचाकीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातील फीलर गेज पुरते. मेकॅनिक टॅपेट बसवताना वापरतात, तेच. ते हाताशी नसेल तर १० गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) जुन्या तारेचा तुकडा घ्यावा, कारण त्याची जाडी ०.२५ मिलिमीटर असते. अकौस्टिक गिटारला ०.१ ते ०.२५ मिलिमीटर रिलीफ चालतो. इलेक्ट्रिक गिटारला ०.२ ते ०.३ च्या दरम्यान ठेवण्याची रीत आहे. तुकडा फटीत शिरताना तार वर उचलली गेली तर रिलीफ ०.२५ पेक्षा कमी आहे, आणि तो सैलपणे आतबाहेर होत असेल तर जास्त आहे. सातव्या फ्रेटजवळ तारेवर टिचकी मारली असता ती हललीच नाही, तर रिलीफ शून्य आहे किंवा मान मागे झुकली आहे; अशा गिटारवर पहिल्या चार-पाच फ्रेटांवरच्या सुरांत झणझण ऐकू येते.

मोजमाप हव्या त्या मर्यादेत असेल तर रॉडला हात लावू नये. मर्यादेबाहेर असेल तरी घाई करू नये. ऋतू पालटल्यावर लाकूड नव्या हवेशी जुळायला काही दिवस, कधी काही आठवडे घेते. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर मानली जाते. म्हणून मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा मोजमाप करतो. मधल्या काळात गिटारचे सूर रोज चढ-उतार करत असले, तर ती अजून स्थिरावलेली नाही असे समजावे.

रॉडचा नट बहुधा डोक्याजवळच्या लहान झाकणाखाली किंवा साऊंडहोलच्या, म्हणजे फळीतील गोल भोकाच्या, आत मानेच्या टोकाला असतो. किल्ली निवडताना इंच आणि मिलिमीटर यांत गफलत करू नये. अनेक अमेरिकन गिटारींना १/८ इंचाची ॲलन की लागते, म्हणजे जवळजवळ ३.१८ मिलिमीटरची, तेथे ३ मिलिमीटरची किल्ली घातली तर ती बसल्यासारखी वाटते, पण नटाचे कोपरे गोलावून टाकते, आणि असा नट काढण्याचा खर्च नव्या साध्या गिटारच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो. किल्ली तळापर्यंत गेली आहे याची खात्री करूनच जोर लावावा. नटाकडे तोंड करून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर रॉड आवळतो आणि रिलीफ कमी होतो. उलट फिरवल्यास रिलीफ वाढतो. आवळताना तारा आधी थोड्या सैल कराव्यात, कारण १२ गेजच्या अकौस्टिक संचाचा एकूण ताण सुमारे ७० किलोंच्या घरात असतो आणि रॉडला तो सगळा एकट्याने ढकलावा लागू नये. एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, फार तर चौथा भाग, एवढेच फिरवावे. तारा पुन्हा सुरात लावाव्यात, पुन्हा मोजावे आणि उरलेले काम दुसऱ्या दिवसावर सोडावे, कारण मानेचा प्रतिसाद कित्येकदा रात्रभर चालू राहतो. किल्ली कोणत्या बाजूला किती फिरवली हे तारीख आणि आर्द्रतेसह वहीत टिपावे. नट जडपणे फिरत असेल, कुरकुरत असेल किंवा एवढ्या-तेवढ्या फेऱ्यांनी काहीच फरक पडत नसेल, तर तेथेच थांबून कारागिराकडे जावे.

रिलीफ योग्य आहे, तरीही बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरच्या वर आहे, अशी स्थिती असेल तर दोष फळीच्या फुगवट्याचा आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेला साधारण २.४ ते २.८ आणि बारीक तारेला १.८ ते २.२ मिलिमीटर उंची पुरते. एका जुलैमध्ये मी माझी गिटार एका कारागिराकडे नेली होती. त्याने सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, घासून ॲक्शन सुरेख खाली आणली आणि मीही खूश झालो. जानेवारीत फळी बसली, ब्रिज खाली गेला आणि वरच्या फ्रेटांवर प्रत्येक सूर कुरकुरू लागला. घासलेले सॅडल परत वाढत नाही. तेव्हापासून मी हाडाची दोन सॅडले ठेवली आहेत, पावसाळ्यासाठी बुटके आणि हिवाळ्यासाठी उंच. सॅडलच्या उंचीतील बदलाचा निम्मा परिणाम बाराव्या फ्रेटवर दिसतो. अर्धा मिलिमीटर ॲक्शन कमी हवी असेल तर सॅडल एक मिलिमीटर बुटके लागते.

फळी फुगूच नये यासाठी गिटार भिंतीवर न टांगता पेटीत ठेवावी, विशेषतः बाहेरच्या बाजूने ओल धरणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि सोबत मापकही ठेवावा, कारण बंद पेटीत त्या हवा गरजेपेक्षा कोरडी करू शकतात. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी संयुग असते, म्हणून नारिंगी घ्यावे, आणि ते वाळवण्यासाठी स्वयंपाकाची भट्टी वापरू नये. रात्री वातानुकूलन आणि दिवसा उघडी खिडकी, असा रोजचा झोका गिटारला सततच्या दमटपणापेक्षाही अधिक जाचक ठरतो.

कोरड्या ऋतूत चित्र उलटे होते. फ्रेटबोर्ड आडवा आक्रसतो आणि फ्रेटांची टोके कडेला बोचू लागतात. ती लगेच कानशीने घासण्यापेक्षा आधी पेटीत आर्द्रता वाढवून दोन-तीन आठवडे पाहावे. फळीवर ब्रिजमागे खोलगट भाग दिसत असेल तर रॉडचा विचारही न करता आधी ओलावा द्यावा, कारण पुढची पायरी तडा जाण्याची असते.

नायलॉन तारांच्या बहुतेक क्लासिकल गिटारींत आणि कित्येक जुन्या स्वस्त गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतो. मार्टिनच्या गिटारींतही तो १९८५पासूनच येऊ लागला. अशा गिटारींच्या बाबतीत पेटीतील हवा, तारांचे गेज आणि सॅडल एवढेच आपल्या हाती असते. साऊंडहोलमध्ये आरसा घालून नट दिसला नाही, तर किल्ली बाजूला ठेवून मापकाकडे लक्ष द्यावे.