धामापूरच्या तळ्याकाठी गटाने चालायचे असेल तर

मालवण तालुक्यातील धामापूरचे तळे निसर्गाने दिलेले नाही. डोंगरांच्या मधोमध मातीचा बांध घालून ते १५३० साली बांधले गेल्याचे सांगितले जाते, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. काठावर श्री भगवतीचे मंदिर आहे. कुडाळहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच हे गाव असल्याने, कोकण रेल्वेने कुडाळला उतरून सकाळी लवकर पोहोचणे गटाला अवघड जात नाही.

बारा-पंधरांहून अधिक माणसे नेऊ नयेत. त्याहून मोठा गट रानात दोन-तीन तुकड्यांत फुटतो आणि मागची तुकडी वाट चुकते, असा माझा अनुभव आहे. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला गावकरी असावा. पण खरी जबाबदारी शेवटी चालणाऱ्याची असते, म्हणून ते काम उत्साही तरुणाला न देता शांत आणि रेंगाळणाऱ्यांवर न चिडणाऱ्या माणसाकडे सोपवावे. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबावे आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये. तळ्याला पूर्ण वळसा घालण्याचा हट्टही धरू नये, कारण काठाने वाट सलग मिळेलच असे नाही आणि रानाचा बराच भाग खाजगी मालकीचा असतो. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, ओलांडण्यापूर्वी मालकाला विचारावे. काजूच्या बागांत तर बोंडू पिकण्याच्या दिवसांत विशेष सांभाळून वागावे, कारण खाली पडलेली बी हीच तिथल्या घराची मिळकत असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात रान सुंदर दिसते, परंतु शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय घसरतो आणि जळवाही लागतात. थंडीत सकाळी साडेसहाला निघाल्यास ऐन, किंजळ आणि जांभळीच्या सावलीतून ऊन तापण्याआधी बरेच अंतर कापता येते, आणि गट गप्प राहिला तर डोक्यावरून धनेश गेल्याचे त्याच्या पंखांच्या आवाजावरूनच कळते. गप्प राहणे हेच गटाला सर्वांत कठीण जाते, हा भाग वेगळा.

प्रत्येकाने दोन लिटर पाणी, पूर्ण लांबीची विजार, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी घ्यावी. फुरसे हा विषारी साप लहान असतो, त्याचा रंग जांभ्यात आणि पाचोळ्यात मिसळून जातो. म्हणून दगडावर बसण्यापूर्वी किंवा गडग्यावर हात टेकण्यापूर्वी तो दगड नीट पाहावा. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. मात्र सर्पदंशावरील लस सर्वांत जवळ कुठे मिळते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. रानात फोन लागेलच असे नसल्यामुळे परतण्याची वेळ गावात कुणाला तरी सांगून जावे.

तळ्यात पोहण्यास उतरू नये. अडवलेल्या पाण्याचा तळ कुठे एकदम खोल जातो हे वरून कळत नाही, शिवाय हे पाणी शेतीचे आहे. त्यात साबण लावणे किंवा खरकटे धुणे गावाला आवडणार नाही, आणि ते योग्यच आहे. घावणे-चटणीची न्याहारी मंदिरापासून अंतर राखून करावी आणि कागदाचा कपटाही परत आणावा. वाटेत देवराई लागली तर पायताण कुठे काढायचे ते सोबतच्या गावकऱ्याला विचारावे. तेथील वाळकी काटकीसुद्धा उचलू नये.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत आणि गुडघ्यांमागे, काखेत, कमरेभोवती गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. याच जिल्ह्यातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गोचिडीमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. त्यामुळे पुढच्या आठ-दहा दिवसांत कुणाला एकाएकी जोराचा ताप आला, तर रानात फिरून आल्याचे त्याने डॉक्टरांना न विचारताच सांगावे, आणि गटातील इतरांनाही कळवावे.