कार्डाने झोन बदलला की त्यावरच्या काउंटरचे काय होते

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा रिचर्ड गारफिल्ड यांचा कार्डांचा खेळ १९९३ मध्ये आला. त्याची नियमावली आता अवाढव्य झाली असली, तरी काउंटरवरून (कार्डावर मोजणीसाठी ठेवल्या जाणाऱ्या खुणांवरून) होणारे बहुतेक वाद एकाच नियमापाशी मिटतात: कार्ड एका झोनमधून, म्हणजे खेळातल्या एका जागेतून, दुसऱ्या झोनमध्ये गेले की खेळाच्या दृष्टीने ती नवीच वस्तू ठरते आणि जुन्या वस्तूवरचे काउंटर तिच्याबरोबर जात नाहीत. लायब्ररी (न उचललेल्या कार्डांचा गठ्ठा), हात, बॅटलफील्ड (खेळात उतरलेल्या कार्डांची जागा), ग्रेव्हयार्ड (मेलेल्या व वापरलेल्या कार्डांची रास), स्टॅक (खेळलेली पण अजून परिणाम न झालेली कार्डे), एक्झाइल (खेळातून बाजूला काढलेली कार्डे) आणि कमांड (काही खास कार्डांची जागा) हे ते सात झोन होत.

म्हणून प्रत्येक वेळी आधी स्वतःला विचारावे, की झोन खरोखर बदलला का? प्रतिस्पर्ध्याने तुमच्या क्रीचरचा (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाचा) ताबा घेतला, ते टॅप झाले (वापरले म्हणून आडवे केले), फेज आउट झाले (तात्पुरते नसल्यासारखे मानले गेले) किंवा दुहेरी कार्ड जागच्या जागी उलटले, तर ते बॅटलफील्डवरच असते आणि काउंटर जसेच्या तसे राहतात. याउलट कार्ड क्षणभरासाठी एक्झाइल होऊन त्याच क्षणी परत आले, तरी काउंटर गेले. यात नेहमी तोटाच असतो असे नाही. प्लेन्सवॉकर या प्रकारच्या कार्डाचा जोर लॉयल्टी काउंटरनी मोजतात; एकच लॉयल्टी उरलेला प्लेन्सवॉकर असा जाऊन आला, तर तो छापील लॉयल्टी घेऊन ताजातवाना उतरतो.

इथे शब्द नीट वापरणे फार महत्त्वाचे आहे. झोन बदलताना काउंटर ‘काढले’ जात नाहीत, ते नाहीसे होतात. त्यामुळे ‘काउंटर काढला की’ अशी अट असलेली क्षमता त्या वेळी चालू होत नाही.

टेबलावर मात्र खरी चूक होते ती हाताच्या घाईने. समजा, आर्कबाउंड रॅव्हेजर या क्रीचरवर काउंटर मोजायला पाच दाखवणारा फासा ठेवलेला आहे आणि रॅव्हेजर मरतो. खेळाडू सवयीने फासा उचलून बाजूला टाकतो, कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये ठेवतो, आणि मग त्याच्या मॉड्युलर नावाच्या क्षमतेची वेळ येते तेव्हा काउंटर चार होते की पाच, यावर वाद सुरू होतो. ही क्षमता कार्ड मरण्यापूर्वी बॅटलफील्डवर शेवटचे कसे होते ते पाहते आणि तेवढे +१/+१ काउंटर (ताकद व टिकाव एकेकाने वाढवणारे) दुसऱ्या आर्टिफॅक्ट क्रीचरवर ठेवू देते. म्हणून फासा उचलण्यापूर्वी आकडा मोठ्याने सांगावा, प्रतिस्पर्ध्याची मान हलली की मगच कार्ड हलवावे. माझा याबाबत आग्रहच आहे.

अनडायिंग या, मेलेले क्रीचर परत आणणाऱ्या क्षमतेच्या बाबतीत हे मागे वळून पाहणे आणखी बारकाईने तपासावे लागते. यंग वुल्फ हे १/१ (ताकद एक, टिकाव एक) क्रीचर मरताना त्यावर +१/+१ काउंटर नसेल, तर ते एक +१/+१ काउंटर घेऊन परत येते. परतलेल्या त्या २/२ लांडग्यावर एक -१/-१ काउंटर पडला, तर दोन्ही काउंटर एकमेकांना खोडतात आणि लांडगा पुन्हा परत येण्यास मोकळा होतो. पण दोन -१/-१ काउंटर एकदम पडले, तर तो ०/० होतो, म्हणजे टिकाव संपून मरतो, आणि काउंटर खोडले जाणे व त्याचे मरणे एकाच वेळी घडते. मरण्याच्या आधीच्या क्षणी +१/+१ काउंटर त्याच्यावर असल्यामुळे तो परत येत नाही. अनुभवी खेळाडूही इथे अडखळतात.

द ओझोलिथ हे कार्डही असेच शेवटची स्थिती पाहून तुमच्या गेलेल्या क्रीचरवर होते तितके आणि त्याच प्रकारचे काउंटर स्वतःवर ठेवते. जुने काउंटर तिकडे सरकत नाहीत, नवे ठेवले जातात.

काउंटर केवळ बॅटलफील्डवरच असतात, असेही समजू नये. सस्पेंड केलेले (नंतर खेळण्यासाठी बाजूला ठेवलेले) अँसेस्ट्रल व्हिजन चार टाइम काउंटर घेऊन एक्झाइलमध्ये थांबते, तुमच्या प्रत्येक अपकीपला (पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्याला) एक काउंटर निघतो आणि शेवटचा निघाला की ते कास्ट होते, म्हणजे खेळले जाते. पॉइझन आणि एनर्जी काउंटर तर खेळाडूकडे असतात, त्यामुळे कार्डांच्या ये-जा करण्याने त्यांना धक्का लागत नाही.

नियमाला उघड अपवाद म्हणजे स्कलब्रायर, द वॉकिंग ग्रेव्ह हे कार्ड. त्यावरचे काउंटर ग्रेव्हयार्ड, एक्झाइल किंवा कमांड झोनमध्येही टिकतात, म्हणून तिथेही त्यावर फासा ठेवूनच द्यावा. मात्र ते हातात किंवा लायब्ररीत गेले, तर फासा उचलावा.