पुळणीवर व्हॉलीबॉलची स्पर्धा: तिथी पाहण्यापासून खड्डे बुजवण्यापर्यंत

किनाऱ्यावरच्या स्पर्धेची तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरली की निम्मा घोळ तिथेच होतो. आधी कालनिर्णय काढा आणि रविवारच्या चौकटीतली तिथी वाचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब आजही चालतो. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. अमावस्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन दिवस उधाणाचे. तेव्हा ऐन दुपारी पाणी वरच्या कोरड्या वाळूपर्यंत येते, मुंबई-अलिबागकडे तर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. मालवणकडे तो साधारण निम्मा असला, तरी सपाट किनाऱ्यावर तेवढेही पाणी मैदान गिळायला पुरते.

म्हणून षष्ठी ते दशमी यांत पडणारा रविवार धरा. तो भांगाचा काळ. भरती असते, पण लंगडी, आणि ओहोटी दुपारच्या आसपास येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात बहुतेक महिन्यांत असा एखादा रविवार सापडतो. नाही सापडला तर महिना बदला, तिथी बदलू नका. स्पर्धेच्या आधीच्या उधाणाला एकाने किनाऱ्यावर जाऊन पाणी कुठवर चढले ते पाहायचे. काड्या, शिंपले आणि प्लास्टिकची जी रेघ मागे राहते, तिथे खुंटी ठोकून ठेवा. मैदान आणि मांडव त्या खुंटीच्या वर.

जागा दोघांना विचारल्याशिवाय ठरत नाही. पहिले मच्छीमार. जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढतात किंवा होड्या वर घेतात, ती वाट वर्षभर मोकळीच लागते. कुठून कुठपर्यंत, हे मच्छीमार सोसायटीत जाऊन तोंडीच विचारा. दुसरा वनविभाग. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. अंडी असतात फूट-दीड फूट खोल, नेमक्या त्याच कोरड्या वाळूत जिथे तुम्ही पोलसाठी मीटरभर खणणार आहात. हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गावातला कासवमित्र सोबत घेऊन जागा दाखवा, त्याने नको म्हटले तर दोनशे मीटर सरका. अशा किनाऱ्यावर दिव्यांच्या उजेडातले सामने ठेवूच नयेत. कागदपत्रांत ग्रामपंचायतीचे पत्र, महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी, पोलीस ठाण्याची स्पर्धेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते. महिनाभर आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. काँक्रीटचे काहीही ओतायचे नाही.

एक कोर्ट 16 मीटर लांब, 8 मीटर रुंद, चहूबाजूंनी किमान 3 मीटर मोकळी जागा, म्हणजे 22 बाय 14. दोन कोर्टे किनाऱ्याला समांतर, एकामागे एक, मध्ये पाच-सहा मीटर सोडून. एकूण 50 मीटर लांबीची पट्टी लागते. समांतर लावण्याला कारण आहे. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण, त्यामुळे दुपारचा सूर्य आणि समुद्राकडून येणारा खारा वारा हे दोघेही कोर्टाला आडवे येतात, कुणाच्या तोंडावर नाही. कोर्ट समुद्राकडे तोंड करून लावले की एक संघ सूर्य पाठीवर घेऊन खेळतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत ऊन जाते आणि भांडण पंचांकडे येते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, चेंडू पाण्याकडे जातो. अकराच्या सुमारास वारा फिरतो आणि चेंडू सुरूच्या बनात घुसू लागतात. मासेमारीचे जुने जाळे बांबूला बांधून सकाळी समुद्राच्या बाजूला उभे करा, दुपारी उचलून बनाच्या बाजूला न्या.

वाळू 40 सेंटिमीटरपर्यंत सैल हवी. पहार खुपसून कोर्टात दहा-बारा ठिकाणी तपासा. खाली दगड, मुळे किंवा शिंपल्यांचा थर लागला तर ती जागा सोडा. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू दिसायला छान असते, पण फरशीसारखी कडक. चेंडूवर झेप घेतली की कोपर, गुडघा, खांदा गेलाच. ती रस्सीखेचीला द्या. कोरड्या वाळूवर आदल्या दिवशी आणि सकाळी असे दोनदा दाताळे फिरवा. पहिल्या फेरीत काचा आणि गळ सापडतात, दुसऱ्या फेरीत सुरूची काटेरी फळे. अनवाणी खेळणाऱ्याला तीच जास्त छळतात.

आखणीला चुन्याची फक्की चालत नाही. पहिल्या रॅलीत मिटते आणि डोळ्यांत जाते. खाटेची नवार घ्या, पाच ते आठ सेंटिमीटर रुंद, गडद निळी किंवा लाल. एका कोर्टाला 48 मीटर लागते, मध्यरेषा नसतेच. कोन मारायला मोजपट्टी आडवी धरा: 8 बाय 16 चा कर्ण 17 मीटर 89 सेंटिमीटर. दोन्ही कर्ण सारखे आले की कोर्ट चौकात बसले. प्रत्येक कोपऱ्याला सुतळीने छोटी वाळूची पिशवी बांधून हातभर खोल पुरा. लोखंडी खुंट्या नकोत, त्या वर येतात आणि पाय चिरतात.

खरी परीक्षा पोलची. पोल जमिनीवर 2.55 मीटर आणि वाळूत निदान एक मीटर हवा, म्हणजे किमान 3.55 मीटरचा तीन इंची जीआय पाइप. कोरड्या वाळूत खणायला गेले की कडा ढासळत राहतात; एक घमेले काढले की दीड घमेले आत येते. आधी दोन बादल्या पाणी ओता, वाळू धरते, मग फावड्याने सरळ खाली जा. पोल बाहेरच्या बाजूला चार बोटे कललेला उभा करा, कारण नेट ताणली की तो आत येतो. खड्डा भरताना वीतभर वाळू, वर पाणी, मग पहारीच्या मागच्या टोकाने ठोकणे, पुन्हा वीतभर. एवढे करूनही नुसता पोल दुपारपर्यंत टिकत नाही. प्रत्येक पोलला मागे दोन ताण द्या आणि ते खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून, दोन फूट खोल पुरून त्याला बांधा. पोल बाजूच्या रेषेपासून 70 सेंटिमीटर ते एक मीटर दूर, आणि छातीच्या उंचीपर्यंत फोम गुंडाळलेला. ताणांच्या दोरीला रंगीत चिंध्या बांधा, नाहीतर पहिला अडखळणारा प्रेक्षकच असतो.

नेटची उंची पुरुषांना 2.43, महिलांना 2.24 मीटर, मध्यभागी मोजलेली. मिश्र संघ असतील तर उंची नोंदणीच्या अर्जावरच छापा. दर दोन-तीन सामन्यांनंतर पुन्हा मोजायची, कारण नेटखालची वाळू उड्यांनी खाली जाते आणि तीच नेट दहा सेंटिमीटर उंच होऊन बसते. दाताळे घेतलेला एक माणूस प्रत्येक कोर्टाला दिवसभर नेमून द्या. हे काम सगळ्यांना हलके वाटते आणि पहिले तेच सुटते.

चेंडू बीचचाच घ्या. घेर इनडोअरपेक्षा किंचित मोठा, पण हवा बरीच कमी: इनडोअरला प्रति चौरस सेंटिमीटर 0.30 ते 0.325 किलो, याला 0.175 ते 0.225. अंगठ्याने दाबला तर किंचित बसला पाहिजे. सकाळी भरलेला चेंडू उन्हात पडून टणक होतो, म्हणून सावलीत ठेवा, पंप, सुई आणि दाबमापक जवळ असू द्या. दोन कोर्टांना सहा चेंडू पुरतात. चामड्याचे जुने चेंडू सरावालाही काढू नका, ओले झाले की मनगट सुजवतात.

संघ बारा घ्या, जास्त नको. नियमाप्रमाणे हा दोघांचा खेळ, पण हौशी खेळाडू वाळूत दोघे दोघे खेळले तर तिसऱ्या सामन्यात उभे राहत नाहीत. मैदानात चार, नोंदणीत सहा ठेवा. तीन-तीन संघांचे चार गट, एक सेट 21 गुणांचा, दोन गुणांची आघाडी हवीच, दर सात गुणांनी बाजू बदल. सामन्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, वेळापत्रकात अर्धा तास धरा. अ आणि ब गट एका कोर्टावर आलटून पालटून, क आणि ड दुसऱ्यावर. गटात पहिला सामना झाला की हरलेला संघ तिसऱ्याशी खेळतो, मग जिंकलेला. असे लावले की प्रत्येकाला मध्ये अर्धा तास श्वास मिळतो. साडेसातला सुरू केले तर साडेदहाला गट संपतात. तीन वाजेपर्यंत खेळ बंद, मग वाळूला पाय लावून पाहा. तीनला उपांत्यपूर्व, चार आणि साडेचारला उपांत्य सामने एकाच कोर्टावर, सव्वापाचला अंतिम, तीन सेटचा, तिसरा पंधराचा. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो, त्यामुळे सकाळचा अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळी अंधारात वसूल होतो. तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवू नका, बक्षीस विभागून द्या. भाषणे दुपारच्या सुट्टीत उरका.

नियम सकाळी कर्णधारांना गोळा करून तोंडी सांगा. गावाकडचे बरेच खेळाडू शूटिंगबॉलमधून किंवा सहाच्या व्हॉलीबॉलमधून येतात. त्यांचे वाद ठरलेले: ब्लॉकचा स्पर्श तीनपैकी एक धरला जातो, आणि बोटांनी हळूच टाकलेला चेंडू, ज्याला सगळे डिंक म्हणतात, इथे चालत नाही, बोटांच्या सांध्यांनी किंवा तळहाताने मारावा लागतो. समान गुण झाले तर आधी आपसातला सामना, मग गुणफरक. न आलेल्या संघाविरुद्ध 21-0. हे फलकावर लिहून टांगा. लाइनमन आणि गुणलेखक आधीच्या सामन्यातला हरलेला संघ देईल, हेही त्याच फलकावर.

पाणी माणशी पाच लिटर धरा. बहात्तर खेळाडू आणि वीस कार्यकर्ते म्हणजे 460 लिटर, वीस लिटरचे 23 जार, पैकी निम्मे दुपारी मागवा, नाहीतर कोमट होतात. कोकम सरबतात मीठ नीट घाला, ओआरएसची पाकिटे एकास एक लिटर पाणी अशीच मिसळा. सकाळी पोहे, मधल्या वेळेला केळी. वडापावचा स्टॉल खेळाडूंपासून लांब.

प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फ, क्रेप बँडेज, जंतुनाशक आणि स्वच्छ पाण्याच्या दोन बाटल्या. त्या बाटल्या डोळ्यांतल्या वाळूसाठी, पिण्यासाठी नाहीत. घोटा आणि डोळा ही रोजची दुखणी, उन्हाची चक्कर दुपारची. जेलीफिश लागली तर चोळायचे नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचे. 108 ची गाडी वाळूत येत नाही, म्हणून जखमीला पक्क्या रस्त्यापर्यंत कुठून न्यायचे हे आदल्या दिवशी चालून पाहा आणि स्ट्रेचर मांडवात ठेवा. मोठा धोका मैदानात नसतो. घामाघूम पोरे सामना संपला की थेट पाण्यात उड्या टाकतात. किनाऱ्याची खोली जाणणारे, पोहणारे दोन गाववाले फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला नेमा, हातात ट्यूब आणि लांब दोरी देऊन. त्यांना दुसरे काम सांगायचे नाही, चेंडू आणायलाही नाही.

मांडवाचे बांबूही पुरायचेत, दुपारचा खारा वारा कापडाला शीड समजतो. जनरेटर मांडवावरून वारा पुढे जातो त्या अंगाला, म्हणजे धूर मांडवात येणार नाही, आणि खाली फळी, नाहीतर वाळू ओढून बसतो. टेम्पो वाळूवर उतरवू नका.

बक्षीस समारंभ आटोपला की लोक पांगतात, म्हणून आवराआवरीची आठ नावे आदल्या रात्री लिहून घ्या. जाळे, नवार, सुतळीचे तुकडे, चिंध्या, बाटल्या सगळे परत न्यायचे. पोल हलत नसेल तर बुडाशी पाणी ओतून फिरवत वर ओढा. खड्डे तुडवून भरा. वरून सारखा दिसणारा सैल खड्डा रात्री होडी ओढणाऱ्याचा पाय मोडतो. पुरलेल्या पिशव्या मोजा. पोलच्या आठ, कोपऱ्यांच्या आठ. पंधरावर मोजणी थांबली तर कोर्टाच्या कोपऱ्यातून पुन्हा पट्टी धरा आणि उजेड आहे तोवर सोळावी काढा.